सायकल ठेवायची कुठे?

आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक विषय होता : 'वाहनतळातील बेवारस सायकलींची विल्हेवाट'. अकरा सायकली मोजल्या गेल्या होत्या आणि भंगारवाल्याचा भावही काढून झाला होता. चर्चा सुरू झाली तेव्हा ध्यानात आले की, त्यांपैकी नऊ सायकली मुळी बेवारस नाहीतच. त्यांचे मालक सभागृहातच बसलेले होते. एका निवृत्त प्राध्यापकांनी काहीशा संकोचाने सांगितले, "ती हिरवी माझी. पण चार वर्षांत बाहेर काढता आलेली नाही." का? तर ती पंपाच्या खोलीला टेकून, तीन दुचाकींच्या मागे उभी आहे. ती काढायची तर आधी तीन दुचाकी हलवायच्या, आणि त्यांपैकी दोहोंची हँडले कुलूपबंद! कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायला निघालेला गृहस्थ एवढा खटाटोप कशाला करील? तो मुकाट्याने स्कूटरला किल्ली लावतो.

सायकलीविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, परंतु ते बहुधा रस्त्याविषयी असते. सायकल मार्ग किती किलोमीटरचे झाले, त्यांवर टपऱ्या कोणाच्या, दुचाकीस्वार त्यांत घुसतात कसे, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरले. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये एकात्मिक सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सार्वजनिक सायकलीही औंधात आणि विद्यापीठात अवतरल्या. काही वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या, हा भाग वेगळा. पण सायकल रात्री कुठे उभी राहणार आणि सकाळी ती किती सहजतेने हाती येणार, या घरगुती प्रश्नाकडे नगररचनाकारांचे लक्ष फारसे गेले नाही. माझ्या मते पुण्याने सायकल गमावली ती रस्त्यावर नव्हे, घराच्या दारात.

ज्यांचे बालपण पेठेतल्या वाड्यात गेले, त्यांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दिंडी दरवाजातून आत शिरले की बोळाच्या भिंतीला ओळीने सायकली टेकलेल्या असत. वडिलांची काळी, उंच सायकल पहिली, कारण ते सर्वांआधी कामावर निघत. कोणी कधी निघतो हे साऱ्या वाड्याला ठाऊक असल्याने सायकली त्या क्रमाने लागत. नियमावली नव्हती, समंजसपणा होता. पुढे वाडे पडले, त्यांच्या जागी खांबांवरच्या इमारती उठल्या. खांबांखालची जागा आधी स्कूटरने आणि मग मोटारीने व्यापली. सायकल हटत हटत जिन्याखाली गेली. मार्च २०१८ अखेर शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन लोकसंख्येलाही मागे टाकती झाली, तेव्हा त्याची बातमी देशभर गाजली. आता कर्वेनगरात जुन्या सायकलींचे एक सुंदर संग्रहालय आहे. जरूर पाहावे, मात्र ते पाहायला आम्ही मोटारीने गेलो होतो, हेही येथे नमूद करतो.

नियमच नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या जुन्या विकास नियंत्रण नियमावलीत वाहनतळाच्या तक्त्याला मोटार, स्कूटर आणि सायकल असे तीन रकाने होते. वास्तुविशारद नकाशावर सायकलींचे इवलेसे आयत इमानाने काढीत. भोगवटा प्रमाणपत्र हाती पडले की, ते आयत आणि त्यांची जागा, दोन्ही अंतर्धान पावत. कारण उघड आहे. नियम आकडा विचारतो. ती जागा प्रवेशद्वाराशी आहे की दोन तळघरे उतरून मोटारींच्या उतारावर आहे, सायकलीची चौकट साखळीने बांधता येईल असा खांब तेथे आहे की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात आठ-दहा सायकली सुखाने राहतात. जागा नाही ही सबब म्हणूनच टिकत नाही.

ही जागा कोणाची, याविषयीही आपल्या मनात विलक्षण गोंधळ आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका कायद्याखाली खांबांखालची वाहनतळाची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतील पांचाली सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केले. ती सामाईक सोय आहे. तरीही 'माझे पार्किंग' हा शब्दप्रयोग आपण वडिलोपार्जित शेताच्या थाटात करतो, आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याचा त्या सामाईक जागेतील वाटा शून्य धरतो.

या साऱ्याचा खरा ताप कोणाला होतो? रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून सिंहगडाकडे निघणाऱ्या हौशी मंडळींना नव्हे. त्यांची लाख-लाख रुपयांची सायकल लिफ्टने वर जाते आणि दिवाणखान्यात विराजमान होते. ताप होतो तो गरज म्हणून सायकल चालविणाऱ्याला. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई केळेवाडीहून सायकलने येत. सदस्येतरांची वाहने आत नकोत, असा सोसायटीचा दंडक असल्याने त्या सायकल फाटकाबाहेर विजेच्या खांबाला लावीत. एके दिवशी ती गेली. आता त्या चालत येतात आणि वेळ पुरत नाही म्हणून दोन घरची कामे त्यांनी सोडली. तो ठराव ज्या सभेत एकमताने संमत झाला, त्या सभेत मीही हात वर केला होता.

व्यापारी इमारतींत तर सायकलस्वाराला उभेच करत नाहीत. बाणेर भागातील एका चकचकीत संकुलात मी मुद्दाम सायकलने गेलो. सुरक्षारक्षकाने आदबीने अडविले. पावती देणाऱ्या यंत्रात मोटारीचा दर होता, दुचाकीचा होता, सायकलीचा नव्हता. "यात बसत नाही, साहेब," एवढेच तो म्हणाला. त्याची स्वतःची सायकल मागच्या भिंतीबाहेर उभी होती.

परदेशी उदाहरणांनी भारावून जाण्याचे कारण नाही, पण शिकण्याजोगे ते शिकावे. नेदरलँड्समध्ये नव्या घराला सायकल ठेवण्याजोगी कोठी असलीच पाहिजे, ही अट २००३ मध्ये 'कटकट कमी करण्याच्या' भरात वगळली गेली. सायकलींच्या त्या देशातही ती २०१२ मध्ये पुन्हा घालावी लागली. जपानमध्ये रेल्वे स्थानकांभोवती सायकलींचे ढीग साचू लागले, तेव्हा १९८० मध्ये कायदा झाला. मोठी दुकाने, बँका, करमणुकीची ठिकाणे यांनी आपल्या ग्राहकांच्या सायकलींची सोय स्वतःच करावी, असे बंधन घालण्याचा अधिकार त्याने नगरपालिकांना दिला. लंडनच्या २०२१ च्या आराखड्यात दोन वा अधिक शयनगृहांच्या सदनिकेमागे दोन सायकलींची जागा ठरवून दिली आहे.

आपल्याकडे मनात आणले तर हे अवघड नाही. विजेवरील वाहनांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती केली आणि वाहनतळाच्या वीस टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय सुचविली. जी मोटार अद्याप विकतही घेतलेली नाही तिची तरतूद होऊ शकते, मग जी सायकल आजही फाटकाबाहेर उभी आहे तिची का नाही? मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. सायकलीची जागा जमिनीच्या पातळीवर व प्रवेशद्वाराजवळ असावी, तिला कुलूप लावण्याचा खांब असावा, कामाला येणाऱ्यांसाठी काही जागा राखीव असाव्यात, आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी हे सारे प्रत्यक्ष पाहिले जावे, एवढे त्या एका नियमावलीत निःसंदिग्ध शब्दांत लिहिले, तर नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतच्या नव्या इमारतींना ते लागू होईल.

आमच्या सभेत भंगाराचा विषय तूर्त तहकूब झाला आहे. तिघांची समिती नेमली गेली असून तिच्यात मी आहे. पाहुण्यांच्या मोटारींसाठी आखलेल्या चार चौकोनांपैकी फाटकाजवळचा एक आम्ही मागितला आहे. प्राध्यापकांनी मात्र निर्णयाची वाट न पाहता ती हिरवी सायकल पंक्चरवाल्याकडे नेऊन ठेवली आहे.