डहाणूचे लाकूड व चपड्याचे पॉलिश

सागवानी कपाट विकत घेताना आमचे गिऱ्हाईक लाकडाची जात विचारते, बिजागऱ्या हलवून पाहते, किमतीत चार वेळा घासाघीस करते. परंतु वर चढविलेले पॉलिश कशाचे आहे, हे क्वचितच विचारते. चकाकी दिसली की त्याचे समाधान होते. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण डहाणू व तलासरी ह्या तालुक्यांपुरता तरी तो तसा नाही, असे आमचे मत आहे. 1991 च्या जून महिन्यात केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून येथील कारखानदारीवर मर्यादा घातल्या. तेव्हापासून ‘मग आम्ही धंदा तरी कोणता करावा?’ हा सवाल व्यापारी मंडळी वारंवार विचारीत आली आहेत. सवाल रास्त आहे. त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक लहानसे उत्तर सुताराच्या चपड्याच्या डब्यात आहे, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. ती झाडाचा चीक नव्हे. पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक रस शोषून आपल्या अंगाभोवती जे कवच करितो, ते कवच होय. ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्र्यासारखे ताणले व मोडले की चपडा झाला. एका लिटर स्पिरिटात 200 ते 250 ग्रॅम चपडा रात्रभर भिजविला, कपड्यातून गाळला आणि कापसाच्या बोळ्याने लाकडावर घोटला की पॉलिश होते. पहिले हात ह्याहून पातळ द्यावे लागतात. ह्याचा मुख्य गुण असा की, नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो. त्यामुळे आजोबांच्या खुर्चीवर ओरखडा उठला, तर सबंध खुर्ची खरडावी लागत नाही. मेलामाइन किंवा पीयू ह्या हल्लीच्या रासायनिक लेपांची गोष्ट उलट आहे. ते कठीण खरे, पण एकदा उखडले की बहुधा मुळापासून घासून काढावे लागतात.

दोष लपविण्यात अर्थ नाही. चपड्यावर गरम भांडे ठेवले तर डाग उठतो, पाणी साचले तर पांढरे वर्तुळ पडते, आणि पावसाळी दमट हवेत हात दिल्यास सारे पॉलिश धुरकट होते. म्हणून जेवणाच्या मेजास तो लावू नये, आणि आषाढ-श्रावणात काम घेण्यास सुताराने सरळ नकार द्यावा. कपाट, देव्हारा, पाळणा, पेटी, खुर्ची ह्यांस मात्र तो उत्तम.

असे असता चपड्याची अप्रतिष्ठा का झाली? रासायनिक मालाच्या जाहिरातीस सारा दोष देणे सोपे आहे. आम्ही तो आपल्या बाजारपेठेसही देतो. चपड्यात स्वस्त राळ मिसळली की पॉलिश चिकट राहते, उन्हाळ्यात बोटाचा ठसा उमटतो, आणि नाव बद्दू होते ते लाखेचे! तयार पॉलिश कित्येक महिने बाटलीत पडून राहिले तर ते नीट वाळतच नाही. तरी तेच गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधण्यात येते. चपड्यासाठी भारतीय मानक ठरलेले आहे. दुकानदाराने त्या मानकाचा माल ठेवावा व बाटलीवर पॉलिश केल्याची तारीख घालावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट स्पिरिटाची. 2015 साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ते विष मेथॅनॉलचे होते. तेच द्रव्य स्वस्त स्पिरिटात वा थिनरात असले, तर पॉलिशवाला ते पीत नसला तरी बंद खोलीत श्वासावाटे व उघड्या हातांवाटे घेतच असतो, आणि त्याचा घाला डोळ्यांच्या ज्योतीवर पडतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याने फ्रेंच पॉलिशही आपल्या कक्षेत घेतले, ते लोक पिऊ नयेत म्हणून. त्याचा वास घेत दिवस काढणाऱ्या मजुराची चिंता कोणी करावी? लाक्षागृहाची कथा सर्वांस ठाऊक आहे. लाख आणि स्पिरिट एकत्र असलेल्या कोंदट खोलीत बिडी ओढणे म्हणजे तोच प्रकार. उघड्या खिडक्या, हातमोजे आणि खात्रीचे स्पिरिट ह्यांचा खर्च काम देणाऱ्यानेच सोसला पाहिजे.

आता रानाकडे वळू. ह्या भागातील वारल्यांनी 1945 साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा जंगलतोडीच्या मजुरीचा प्रश्नही त्या लढ्यात पुढे आला. लाकूड रानातून गेले, नफा दुसरीकडे गेला, कष्ट मात्र येथे राहिले. लाखेचे तसे नाही. तिच्यासाठी झाड तोडावे लागत नाही, फांदी छाटावी लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांत लाखेचे नाव स्पष्ट घातले आहे. 2013-14 मध्ये वनोपजांस किमान आधारभूत किंमत देण्याची योजना निघाली, तिच्या पहिल्याच यादीत लाख होती. पळस आणि बोर येथे नवीन लावावयास नकोत.

तथापि लाखेचे मोठे पीक झारखंडात येते, आणि आमचा पाऊस तिकडच्याहून जबर आहे. तेव्हा एकदम मोठ्या योजना आखून आदिवासी कुटुंबांस कर्जात लोटणे आम्हांस मान्य नाही. एखाद्या ग्रामसभेने दहा-वीस झाडे निवडावी, रांचीजवळील नामकुमच्या संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा, आणि कार्तिकात कीटकांसह बियाण्याची लाख फांद्यांस बांधून पाहावी. डहाणूच्या लाकूड व्यापाऱ्यांनी, पीक कितीही थोडे निघो, ते ठरल्या भावाने घेण्याचे वचन आधी लेखी द्यावे. ज्येष्ठ-आषाढात लाख उतरेल तेव्हा झाडागणिक वजन करावे व त्यावरून पुढील खर्च ठरवावा.