केबिनमधला तिसरा प्रवासी

संध्याकाळी रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत वजनकाट्यापुढे ट्रकांची रांग लागते. रोलिंग मिलमधून निघालेल्या सळया भरून झालेल्या असतात. दोर आवळायचे, बिल्टी खिशात घालायची, देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायची आणि टाटीबंध चौकातून दुर्ग-भिलाईच्या रस्त्याला लागायचे. नागपूर तिथून जवळजवळ तीनशे किलोमीटर. आता रस्ता रुंद झाला आहे. पण १९९०च्या सुमारास भरलेल्या ट्रकला हा प्रवास म्हणजे अख्खी रात्र असे.

त्या काळात केबिनमध्ये दोन माणसे असत, उस्ताद आणि क्लीनर. तिसरा प्रवासी पुढच्या काचेखाली बसलेला असे. त्याच्याखाली हादरे बसू नयेत म्हणून जुन्या टॉवेलची घडी आणि पडू नये म्हणून कमरेला रबराचा पट्टा. हा प्रवासी म्हणजे ट्रान्झिस्टर. पैसे हाती आले की ड्रायव्हर टेपरेकॉर्डर बसवून घेत, पण कॅसेट दोनदा वाजली की तिसऱ्यांदा ऐकवत नाही. शिवाय पहाटे दोनला कॅसेटमधला गायक जागा आहे असे काही कोणाला वाटत नाही. रेडिओवरचा निवेदक मात्र त्या क्षणी कुठेतरी जागा असतो, आणि किती वाजले तेही सांगतो.

ट्रान्झिस्टर काचेखाली आडवा ठेवण्याची पद्धत ड्रायव्हरांनी सोयीने पाडली होती. योगायोगाने तीच शास्त्रालाही धरून होती. ट्रान्झिस्टरच्या पोटात मध्यम लहरी पकडणारी एक काळी कांडी असते. ती फेराइटची असून तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. केंद्राच्या दिशेला ही कांडी आडवी असेल तेव्हा आवाज सर्वांत चांगला येतो आणि टोक केंद्राकडे वळले की तो बसतो. रायपूरहून नागपूरला जाणारा रस्ता साधारणपणे पश्चिमेकडे जातो. म्हणजे रायपूर केंद्र पाठीशी, नागपूर केंद्र समोर आणि कांडी दोघांनाही आडवी. मोठे वळण आले की आवाज खाली जाई आणि क्लीनर न सांगता हात पुढे करून डबा थोडा फिरवी. ट्रकचे इंजिन डिझेलचे, त्याला ठिणगीचा प्लग नसतो. त्यामुळे पेट्रोलच्या मोटारीत ऐकू येते तशी चरचर त्यात नसे. बाकी इंजिनाची घरघर होतीच, तिच्यावर उपाय एकच, आवाजाचे बटण.

सुरुवातीचे काही तास रायपूरचे असत. आकाशवाणीचे रायपूर केंद्र २ ऑक्टोबर १९६३ला सुरू झाले. त्याआधी एके काळी रायपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते, राजधानी नागपूरला होती आणि तिथले आकाशवाणी केंद्र १९४८पासूनचे. त्यामुळे रायपुरातल्या जुन्या मराठी घरांना नागपूर परके कधी वाटलेच नाही. पण स्वतःचे केंद्र आल्यावर छत्तीसगढी बोली रेडिओवरून गावोगाव पोचली. 'चौपाल' हा तिथला ग्रामीण कार्यक्रम आणि त्यातले 'बरसाती भैया' हे नाव खेड्यापाड्यांत घरच्या माणसासारखे झाले होते. भाताचे बियाणे, किडीवरची औषधे, मधूनच चेष्टामस्करी आणि लोकगीते. गावाकडे दोन एकर भातशेती असलेला ड्रायव्हर हे सगळे कान देऊन ऐकणारच. त्याच वेळी त्याच्या गावात त्याची बायको चुलीपुढे बसून तोच कार्यक्रम ऐकत असे, हे त्यालाही ठाऊक असे आणि तिलाही.

हे लहान वाटले तरी लहान नव्हते. खेड्यात फोन नव्हता. फेरीवर गेलेला माणूस चार-सहा दिवसांनी परत येई. मध्ये कधी शहरातल्या एसटीडी बूथवरून किराणा दुकानदाराकडे निरोप ठेवला तर ठेवला. रेडिओवरून ना तो तिच्याशी बोलू शके, ना ती त्याच्याशी. पण एकच गाणे एकाच क्षणी दोघांच्या कानावर पडत असे. शिवनाथ नदीला पूर आला, कुठे संचारबंदी लागली, तर ती बातमीही दोघांना एकदमच कळे. तो पुढच्या ढाब्यावर ट्रक थांबवी. 'ऐकले असेल, थांबले असतील,' असे म्हणून ती घरात सासूची समजूत घाली. ते अनुमान नेहमी खरे ठरेच असे नाही. पण रात्र काढायला तेवढे पुरे होई.

फर्माइशींचे वेड तर छत्तीसगडला इतके, की झुमरीतलैयाच्या बरोबरीने भाटापारा हे नाव देशभराच्या श्रोत्यांना पाठ झाले. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली. त्याआधी हिंदी सिनेमाची गाणी मनसोक्त ऐकायची तर सुई रेडिओ सिलोनकडे वळवावी लागे. भाटापाऱ्याहून माल भरून निघालेल्या ड्रायव्हरने रेडिओवर भाटापाऱ्याचेच नाव ऐकले की तो स्वतःचेच नाव ऐकल्यासारखा हसे. क्लीनरचे काम पोस्टकार्ड लिहिण्याचेही असे, कारण पुष्कळदा दोघांत तोच थोडेफार शिकलेला.

राजनांदगाव मागे पडले, बागनदीची सीमा ओलांडून महाराष्ट्र लागला की देवरी ते साकोली हा जंगलाचा पट्टा येतो. नवेगाव-नागझिऱ्याचे अरण्य याच भागातले. दिवे संपतात, गावे विरळ होतात आणि डोळे जड व्हायची वेळही नेमकी हीच. मध्यम लहरींची खरी करामत या वेळी सुरू होते. दिवसा या लहरी जमिनीला धरून चालतात आणि काही अंतरावर दमतात. वर गेलेल्या लहरी सूर्यप्रकाशाने तयार झालेला वातावरणातला एक थर गिळून टाकतो. रात्री तो थर विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून दिवसा मुके असलेले केंद्र मध्यरात्री खणखणीत बोलू लागते.

याच गुणाचा उपयोग करून १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीने राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू केली. संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालणारी ही रात्रीची वाहिनी. तिच्यासाठी नागपूरजवळ बुटीबोरीला १००० किलोवॉटचे, म्हणजे अतिशय ताकदीचे प्रक्षेपण केंद्र उभारले गेले. काट्यावर १५६६ किलोहर्ट्‌झ. देशाच्या मधोमध उभे राहून चहूकडे हाक मारावी तशी ही कल्पना. गाणी, शास्त्रीय संगीत, गप्पा आणि मधूनमधून बातम्या. देशभर जागणारे लोक थोडे का असतात? रुग्णालयातल्या परिचारिका, कारखान्याचे पहारेकरी, स्टेशनमास्तर, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले. ट्रक ड्रायव्हर हा त्यांतला एक. पण आडरानात, अंधारात, टनावारी लोखंड पाठीशी घेऊन जागणारा.

गंमत अशी, की साकोलीच्या आसपास हाच आवाज हेलकावे खाई. बुटीबोरीहून जमिनीवरून आलेली लहर आणि आकाशातून परतलेली लहर इथे एकमेकींत मिसळतात. कधी त्या एकमेकींना उचलून धरतात, कधी मारून टाकतात. गायक लांब विहिरीत गेल्यासारखा होई आणि पुन्हा काचेजवळ येऊन बसे.

आता थोडे कडू. रेडिओ चालू असला की झोप येत नाही, असे ड्रायव्हर मानत आणि त्यांच्या घरची माणसेही मानत. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर या संशोधकांनी १९९०च्या दशकात झोपाळलेल्या लोकांना कृत्रिम मोटारीवर, म्हणजे सिम्युलेटरवर बसवून याची परीक्षा घेतली. तोंडावर गार वारा आणि रेडिओ यांचा उपयोग फारच थोडा आणि थोडाच वेळ टिकणारा, असे १९९८मध्ये त्यांना दिसले. कॉफी पिणे आणि पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर डुलकी घेणे, यांनी मात्र फरक पडतो, हे त्यांनी आधीच दाखवले होते. म्हणजे रेडिओ सोबत करतो, झोपेची जागा घेत नाही. कायदाही हेच सांगत आला आहे. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे लिहिलेले होते. ट्रकमालक आणि माल वेळेवर मागणारा व्यापारी यांच्या घड्याळात तो अर्धा तास बसत नाही, ही जुनी रड आहे. शहाणा उस्ताद देवरीच्या ढाब्यावर थांबे, चहा पिई आणि खाटेवर आडवा होई. क्लीनर रेडिओ कानाशी धरून बसे. बातम्या लागल्या की उस्तादला हलवायचे, हे ठरलेले. घड्याळाचा गजर नव्हता, बातम्या होत्या.

पहाटे भंडारा, वैनगंगेचा पूल, मौदा. उजाडता उजाडता नागपूर केंद्राची ती ओळखीची धून लागे. वॉल्टर काउफमन या युरोपातून आलेल्या संगीतकाराने १९३०च्या दशकात ती बांधली आणि ती पुढे साऱ्या देशाची पहाट झाली. त्यानंतर मराठीत बोलणे सुरू झाले की रायपूरचा ड्रायव्हर ओळखे, माल पोचला.

राष्ट्रीय प्रसारण सेवा जानेवारी २०१९मध्ये बंद झाली. खर्च फार आणि ऐकणारे कमी, हे कारण अगदीच खोटे म्हणता येणार नाही. अशी मोठी यंत्रे वीजही भरपूर खातात. पण ऐकणारे कमी म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न उरतोच. रात्रीच्या अडीच वाजता कोणी कुठे पाहणी करायला जात नाही. आता एफएमचा आवाज स्वच्छ आहे, पण त्या लहरी सरळ रेषेत जातात. मनोऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटर झाले की त्या संपतात. रायपूरचे एफएम राजनांदगावच्या पुढे टिकत नाही, नागपूरचे लागायला भंडारा यावा लागतो. मधले बरेचसे जंगल मुके.

मुके म्हणजे अगदी मुके नव्हे. आज ड्रायव्हरच्या पेन ड्राइव्हमध्ये हजार गाणी असतात आणि खिशात मोबाइल असतो. घरच्या माणसाशी तो आता खरोखर बोलू शकतो, आणि धोकाही इथेच आहे. रेडिओने त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहू दिले होते. गाडी चालवताना हातात मोबाइल धरणे २०१९च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे; तरी मध्यरात्री 'झोप येते, बोलत राहा' म्हणून घरी फोन लावणारे आहेत, आणि काळजीपोटी तासभर बोलत राहणाऱ्या बायकाही आहेत.

काही घरांनी यावर आपापला रिवाज घातला आहे. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही. देवरीच्या ढाब्यावर ट्रक उभा केला, चावी काढली, की त्याने मिसकॉल द्यायचा. मग तिने फोन करायचा, दोन वाक्ये बोलायची आणि सांगायचे, 'आता वीस मिनिटे डोळे मिटा, मी उठवते.'