आपलाच माणूस

वर्षभर एक वाक्य कानात खुपतं आहे. दिवाळी अंकाचा खर्च मांडायला बसलं की कागद, छपाई, बाइंडिंग, टपाल करत यादी खाली सरकते आणि चित्रकारापाशी अडते. मग कुणीतरी म्हणतं, "त्याचं दिवाळीनंतर बघू, आपलाच माणूस आहे." कागदवाला आपला नसतो, म्हणून त्याला आगाऊ पैसे.

सरत्या वर्षात सांगण्यासारखं बरंच घडलं. मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांच्या जन्माला जुलैत शंभर वर्षं झाली. जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर परदेशी ब्रँडच्या नावाने कोल्हापुरी पायताण उतरलं, तेव्हा श्रेय कुणाचं यावरून आपण सगळे पेटून उठलो, आणि ते योग्यच होतं. मात्र दिवाळी आली की आपणच चित्रकार मुळगावकरांची लक्ष्मी मोबाइलवरून फिरवतो. खालच्या कोपऱ्यात जिथे सही होती, तिथे आता प्रभागातल्या इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो असतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

जुन्या काळाबद्दल मला फार गहिवर नाही. १९४५ साली 'दीपावली' अंक सुरू करणारे दीनानाथ दलाल स्वतःच चित्रकार आणि स्वतःच संपादक; सगळ्यांना ते कुठून जमणार? तरी 'दलाल' ही सही बघून लोक स्टॉलवरचा अंक उचलत, हे खरं. सहीला बाजारात वजन होतं.

आज कामाचा भाव सांगायची वेळ आली की आपला चित्रकार पुटपुटतो. कॅनव्हास रंगवणाऱ्यांनी निदान एक तोड काढली आहे, चौरस इंचाची. २४ बाय ३६ चं चित्र म्हणजे ८६४ चौरस इंच. साठ रुपये दर धरला तर ५१,८४० रुपये. त्यातून कॅनव्हास, रंग, फ्रेम, गॅलरीचं भाडं किंवा कमिशन वजा करा, मग उरेल ते घरी. "चित्र काय फरशीच्या भावाने मोजायचं?" असं नाक मुरडणारे भेटतात. मला हा हिशोब आवडतो. कुठलं चित्र आपल्याला जास्त जवळचं, हे चित्रकाराला गिऱ्हाइकासमोर उघडं करावं लागत नाही, आणि घासाघीसही थोडी आवरते. अंकासाठी चित्रं काढणाऱ्याला मात्र असा कुठलाच गज नाही. तीन रफ मागवायचे, एक पसंत करायचं, त्यात दोनदा बदल सांगायचे आणि पैसे एका चित्राचे, तेही "दहा मिनिटांचं तर काम" असं ऐकवून. यंदा त्यात भर पडली, "मोबाइलवर फुकट होतं की!" मग तिथेच करा ना, आमच्या चित्रकाराला कशाला फोन?

मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे ११८ कोटींना गेलं, तेव्हा सगळ्यांनी डोळे विस्फारले. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे : मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा. असा वाटा कुणाच्या घरी पोचल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्याच कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. संपादकांना हे कलम तोंडपाठ असतं. पुढचं ५७ वं कुणी वाचत नाही. हक्क विकला तरी 'हे माझं काम' म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उखडून गोदामात टाकलं. २००५ साली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाखांची भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देवविले. तिथे समोर सरकार होतं. इथे आपण आहोत, आणि सही कापायला एक बोट पुरतं.

यंदाचा विशेष विभाग 'पाऊस' आहे. त्याचा या सगळ्याशी संबंध काय, असं जुने वाचक विचारतीलच. संबंध एवढाच की त्या विभागातलं प्रत्येक चित्र हाताने काढलेलं आहे आणि सहीसकट छापलं आहे. अनुक्रमणिकेत चित्रकारांची नावं लेखकांच्याच टायपात आहेत, पैसे गणपतीच्या आधी पोचले आहेत. अंकाची किंमत पन्नास रुपयांनी वाढली, त्यात कागदाच्या भावाचा वाटा आहे, पण सगळा दोष कागदवाल्यावर ढकलू नका.