लहानशा गाडीवरचा गंज

आमच्या देगलूरच्या घरीं गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एक वाद झाला. विषय दिसावयास क्षुल्लक. परंतु त्यांत घरांतील तीन पिढ्या ओढल्या गेल्या, म्हणून तो वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचे वडील बंधु आतां नाहींत. ते नांदेडास शिक्षक होते व दर सोमवारीं पहांटेच्या एस. टी.नें तिकडे जात. त्यांच्या धाकट्या मुलानें त्या जुन्या लाल गाडीची पुठ्ठा, पत्रा व तार यांची प्रतिकृति केली. ती वडिलांच्या तसबिरीखालीं ठेवावी, असा त्याचा मानस होता. गाडी जुनी दिसावी म्हणून त्यानें तिला सर्वांगीं नारिंगी गंजाचे डाग दिले, आणि तेथेंच घोडें पेंड खाऊं लागलें. मातुःश्री म्हणाल्या, "बाळ, ही तर भंगारांत पडलेली गाडी. तुझे वडील हिच्यांत कधीं बसले नाहींत. ही तेथें ठेवूं नकोस."

मुलगा हिरमुसला. आम्हांस मात्र मातुःश्रींच्या बोलण्यांत शास्त्र दिसलें. लोखंड, पाणी व प्राणवायु एकत्र आल्यावांचून गंज होत नाहीं. म्हणून गंज काढण्यापूर्वीं गाडींत लोखंड कोठें आहे हें पाहावें. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास निघालेल्या पहिल्या एस. टी.चें अंग लाकडी होतें. पुढें अनेक वर्षें गाड्यांच्या अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा असे. लाकूड कुजतें, ॲल्युमिनियम निस्तेज व पांढुरकें होतें; नारिंगी गंज दोहोंसही चढत नाहीं. तो चढावयाचा तो चाकांच्या तबकड्यांवर, बंपरावर, टपावरील कठड्यावर व मागच्या शिडीवर. शिवाय गांवही पाहावें. कोंकणच्या खाऱ्या हवेंत लोखंड लवकर खातें. देगलूर समुद्रापासून फार दूर. येथील गाडीवर धूळ व काळा चिखल पुष्कळ, गंज बेतानेंच.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. १० मीटरांची गाडी पन्नासाव्या हिश्शानें केली तर २० सेंटिमीटरांची होते. तिच्यावरील २ मिलिमीटरांचा डाग म्हणजे खऱ्या गाडीवरचा १० सेंटिमीटरांचा! चिरंजीवांचे डाग त्याहूनही मोठे होते.

सगळा रंग खरवडून आम्हीं पुनः आरंभ केला. कृति अशी: लोखंडी भागांस प्रथम गडद तपकिरी तैलरंग द्यावा व पुरता वाळूं द्यावा. मग बंपरासारखा भाग किंचित् ओला करून, जेथें रंग उडालेला दाखवावयाचा तेवढ्याच जागीं मिठाचे बारीक खडे टाकावे. पाणी सुकलें कीं ते चिकटून बसतात. त्यांवर वरच्या रंगाचा हलका फवारा मारावा. ब्रश फिरविल्यास खडे निसटतात. तो रंग वाळल्यावर ओलसर ब्रशानें मीठ घासून काढावें. खालचा तपकिरी रंग वेड्यावांकड्या कडांनीं उघडा पडतो. हातानें काढलेल्या डागास ही सहजता येत नाहीं. तारेच्या शिडीवर मीठ टिकत नाहीं; तेथें स्पंजाचा तुकडा रंगांत बुडवून, कागदावर टिपून, मग नुसता टेकवावा.

गंजाची पूड घरांतच असते. तुळशीवृंदावनास लावण्याकरितां आपण जो गेरू आणतों, त्याचा तांबडेपणा लोखंडाच्या गंजासारख्याच द्रव्याचा आहे. तो वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशानें लावावा. जुना गंज काळसर असतो, म्हणून तेथें गेरूंत चिमूटभर काजळ मिसळावें. पिवळेपणाकरितां हळद मात्र घालूं नये. उजेडानें ती उडते. पाणी वरून खालीं वाहतें, म्हणून ओघळही खिळ्यापासून सरळ खालींच यावा.

तिसऱ्या दिवशीं गाडी मातुःश्रींस दाखविली. त्यांनीं चष्मा लावून ती सावकाश फिरविली व शिडीवर बोट ठेविलें. "येथें चुकलास, बाळ. दिवसभर माणसें सामान घेऊन या पायऱ्या चढत. मधोमध त्या चांदीसारख्या चकचकीत असत. गंज असे तो कडेला. तुझ्या वडिलांची ट्रंक वर जातांना मीं दर सोमवारीं पाहिली आहे."

दर सोमवारीं त्या स्थानकापर्यंत जात होत्या, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. चिरंजीवांनीं शिसपेन्सिलीची पूड बोटानें घासून प्रत्येक पायरीचा मध्य उजळला. गाडी आतां तसबिरीखालीं आहे.

हा छंद ज्यांच्या घरीं असेल त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे: वस्तु कोठें झिजली हें ठाऊक नसतां ती कोठें गंजली हें दाखवितां येत नाहीं. आणि ती झीज पाहिलेलें कोणी घरांत असेल, तर ब्रश हातीं घेण्यापूर्वीं त्यांस विचारावें.