वॉलपेपर बदलला, कीबोर्ड कधी बदलणार?

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आणि आमच्या शाळेत विंडोज ११ चे संगणक आले. स्टाफरूममध्ये मातम सुरू. "स्टार्टचं बटण मधोमध कशाला नेलं? जुनंच बरं होतं." दोन दिवसांत एका सरांनी टास्कबारच्या सेटिंगमध्ये जाऊन ते डावीकडे आणले. मग सगळ्यांचाच हुरूप वाढला. कुणी गुंबदाचे वॉलपेपर लावले, कुणी खिडक्यांचा रंग बदलला.

पण उर्दूची प्रश्नपत्रिका करायची वेळ आली आणि सगळे पुन्हा कोपऱ्यातल्या जुन्या मशीनकडे वळले. कारण काय, तर "नव्यात उर्दू नाही."

दोस्तहो, हे साफ खोटे आहे. सेटिंगमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडा, उर्दू जोडा, मराठी जोडा. विंडोजचे बटण आणि स्पेस एकत्र दाबले की भाषा बदलते. 'उर्दू टाइपसेटिंग' हा नस्तालीक फॉन्टही मिळतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे. आणि लाजेची गोष्ट ही, की ही सोय विंडोज १० मध्येही होती. आपण ते पानच कधी उघडले नाही.

यात बिघडले काय, असे कुणी विचारेल. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली मराठी आतून इंग्रजी अक्षरेच असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तिचा कचरा होतो. उर्दूचे पान तर आपण चित्र करून पाठवतो. त्यात शब्द शोधता येत नाही, एक ओळ उचलता येत नाही, अंध विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर ते वाचून दाखवू शकत नाही. मशीन बंद पडले की वीस वर्षांची मेहनत गेली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. आता उशिराचे निमित्त कुणाला सांगणार?

अनेक शाळांचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी जरूर भांडा. पण कीबोर्ड जोडायला नवे मशीन लागत नाही.

उर्दू शाळा वाचवा म्हणून आपण निवेदने देतो, ती द्यायलाच हवीत. पण त्याच शाळेतला उस्ताद व्हॉट्सअॅपवर उर्दू रोमन अक्षरांत लिहितो, तेव्हा मुले लिपी कुणाकडून शिकतील?

मीही पंधरा वर्षे जुन्याच फॉन्टमध्ये टाइप केले. आता आठवीच्या धड्यांचे प्रश्न नव्याने टाइप करतोय. बोटे अडखळतात, चुका होतात, मुले हसतात. या रविवारी तुम्हीही एक पान करून पाहा. वॉलपेपर नंतरही बदलता येईल.