डबा विकण्याआधी इंजिन तपासा

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील नळदुर्ग व उमरगा, तसेच सोलापूर-धुळे रस्त्यावरील तुळजापूर, धाराशिव व येरमाळा या गावांत गॅरेजचा धंदा रस्त्याबरोबर वाढला. ट्रकचे पाटे, टायर, डिझेल पंप, वेल्डिंग, लेथ या कामांत आपले कितीतरी कारागीर बांधव आहेत. उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकलेले पोर पुढे स्वतःचे शटर उघडते, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. आता या शटरपुढे एक नवे गिऱ्हाईक उभे राहू लागले आहे. पंचवीस-तीस वर्षांचा तरुण, जुनी स्विफ्ट डिझेल किंवा टर्बो पेट्रोल गाडी, पुण्याहून किंवा सोलापूरहून संगणकावर ताकद वाढवून आणलेली, आणि तोंडी एकच मागणी, 'उस्ताद, ऑईल कॅच कॅन बसवून द्या.'

या डब्याच्या धंद्याविषयी आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

डब्याची कल्पना नवी नाही. इंजिन कितीही चांगले असले तरी पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर पडला नाही तर आत दाब वाढतो, ऑईल सील फुटते, डिपस्टिक वर उडते. जुन्या डिझेल ट्रकला यासाठी ब्रीदरची नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे आणि गाडी उभी राहील तिथे ऑईलचा ठिपका पडे. जुन्या बुलेटच्या नळीला बदकाच्या चोचीसारखे रबर असे, ते आमच्या पिढीतील मिस्त्रींना आठवत असेलच. पुढे प्रदूषणाचे नियम आले आणि ही वाफ बाहेर न सोडता पुन्हा हवेच्या वाटेने इंजिनात ओढून जाळायची व्यवस्था झाली. हवा स्वच्छ राहिली. पण या वाफेबरोबर ऑईलचे बारीक तुषार जातात. टर्बो गाडीत ते इंटरकूलरमध्ये साचतात. डिझेलमध्ये परत फिरवलेल्या धुराची काजळी त्यात मिसळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर धरते. ज्या पेट्रोल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तिथे व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतला जात नाही, म्हणून त्याच्या पाठीवर कार्बन बसतो. शिवाय पेट्रोल इंजिनात ऑईल जळू लागले की ठोका येण्याची भीती वाढते. ही वाफ वाटेत एका डब्यात फिरवून ऑईल खाली पाडायचे आणि उरलेली हवा पुढे सोडायची, एवढेच या डब्याचे काम. शर्यतीच्या गाड्यांत ज्यांचा ब्रीदर उघडा असतो, त्यांना असा डबा सक्तीचा असतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमात दोन हजार सीसीपर्यंत २ लिटरचा आणि त्यावर ३ लिटरचा डबा सांगितला आहे. कारण साधे आहे, मार्गावर ऑईल सांडले तर मागची गाडी घसरते.

तेव्हा डबा ही फसवणूक नव्हे. तो विकण्याची पद्धत मात्र फसवणुकीची होऊ लागली आहे.

आमच्या ओळखीच्या एका उस्तादांकडे घडलेला प्रसंग सांगतो. एका तरुणाने दुसरीकडे डबा बसवून घेतला होता. आठ दिवसांत डबा अर्धा भरला, म्हणून गडी खूश. 'बघा, एवढी घाण इंजिनात जात होती!' उस्तादांनी इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचे झाकण सैल केले, तर वाफेचा भपका असा की झाकण हातात नाचू लागले. ग्लो प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले. चारपैकी तिसऱ्या सिलिंडरचा आकडा इतरांच्या फार खाली होता. म्हणजे रिंगा गेल्या होत्या, बोअर झिजला होता. ज्याने डबा बसवला त्याने हे पाहिले नसेल, किंवा पाहून गप्प बसला असेल. दोन्हीपैकी कोणती गोष्ट वाईट, हे आम्ही वाचकांवर सोडतो. तो तरुण मात्र दर आठवड्याला डबा रिकामा करून, वरून नवे ऑईल भरून तुळजापूरचा घाट चढत होता. ताकद वाढवलेल्या गाडीत सिलिंडरमधला दाब आधीच जास्त, त्यात रिंग गेलेली. हे इंजिन त्याला एखाद्या रात्री रस्त्यात उभे करणारच होते.

डबा लवकर भरतो हा डब्याचा गुण नव्हे, तो इंजिनाचा रोग आहे. धूर गेला, पाईपात ऑईल दिसेनासे झाले, की गिऱ्हाईकाला वाटते दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात दोष डब्याआड झाकला जातो. अशी गाडी मग जुन्या गाड्यांच्या बाजारात जाते आणि तिसराच माणूस त्यात बुडतो. ऐब सांगून माल विकावा हे आपल्या व्यापाऱ्याला कुणी नव्याने शिकवावे लागत नाही. तोच नियम गॅरेजच्या ओट्यावर का नको?

आमचे मत असे की ज्याने कॉम्प्रेशन मोजले नाही, त्याने डबा बसवू नये. गेज काही फार महाग वस्तू नाही. पेट्रोल इंजिनात आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंगांत, न चढला तर बहुधा व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. कंपनीने हेडच्या झाकणात ऑईल वेगळे करण्याची सोय आधीच दिलेली असते. तिचा पडदा फाटला असेल किंवा व्हॉल्व्ह तुंबला असेल तर तेवढा बदलून काम भागते. इंटरकूलरमधले ऑईल कित्येकदा ब्रीदरमधून येतच नाही, टर्बोच्या सीलमधून येते. तिथे शंभर डबे बसवले तरी उपयोग शून्य. हे सगळे पाहून इंजिन निरोगी निघाले आणि गिऱ्हाईक गाडी जोरात चालवणारे असेल, तर खुशाल बसवा.

बसवायचा तर नीट. बाजारातल्या स्वस्त डब्यांत पुष्कळदा आत काहीच नसते, एका नळीतून वाफ येते आणि दुसरीतून तशीच जाते. आत आडवे पडदे आणि दाबून बसवलेली जाळी हवी, म्हणजे ऑईलचे थेंब अडतात. आपल्या लेथवाल्याला आणि ॲल्युमिनियम वेल्डरला हे काम सहज जमण्यासारखे आहे. ही कमाई गावात राहू शकते. पण जाळीऐवजी भांडी घासायची तार कोंबण्याचा जो प्रकार चालतो तो बंद व्हावा. तारेचा एक तुकडा सुटून टर्बोच्या पात्यात गेला की डब्याची कमाई दहापट होऊन अंगावर येते. नळी ऑईल सोसणाऱ्या रबराची घ्यावी, पाण्याची नळी महिन्याभरात फुगते. तिचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नको, नाहीतर चेंबरमध्ये दाब वाढून चांगली सीलेसुद्धा गळू लागतात. डबा टर्बो आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर, हवा लागेल अशा जागी असावा. थंड डब्यातच वाफेचे थेंब होतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बॉनेटखाली थंड जागा शोधणे हेही एक कामच आहे.

दुसरी नळी मूळ जागी, म्हणजे हवेच्या पाईपात परत जोडलीच पाहिजे. काही हौशी मंडळी वर छोटे फिल्टर लावून वाफ उघड्यावर सोडतात. शर्यतीच्या मैदानात ते चालत असेल. रस्त्यावरच्या गाडीत प्रदूषण रोखण्याची व्यवस्थाच तोडल्यासारखे होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली आहे. हमीतल्या गाडीला हात लावण्याआधी गिऱ्हाईकाला हेही सांगावे की कंपनी हमी नाकारू शकते. सांगितले नाही तर भांडण गॅरेजच्या दारात येते, कंपनीच्या नव्हे.

कुणी डबा उघडून दुधाळ पांढरे पाणी पाहिले की हेड गॅस्केट गेले म्हणून घाबरवणारेही आहेत. पावसाळ्यात, किंवा गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीत, वाफेतले पाणी ऑईलमध्ये मिसळून असे दिसतेच. कूलंट कमी होते का ते आधी पाहावे. घाबरवून काढलेले इंजिनकाम आणि झिजलेल्या इंजिनावर बसवलेला डबा, दोन्हीची जात एकच.

बिलाचे आपल्याकडे वावडे आहे. तरीही या एका कामात चार ओळी लिहून द्याव्यात असे आम्ही सुचवतो. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, बसवल्याची तारीख, गाडीचे किलोमीटर आणि डबा कधी पाहायचा ते. पहिल्यांदा ५०० किलोमीटरवर पाहावा, मग किती साचते ते बघून पुढचे ठरवावे. सहा महिन्यांनी गाडी परत आली की जुना आकडा समोर असेल आणि वाद घालायला कारण उरणार नाही. डब्यातले ऑईल इंजिनात परत ओतू नये, त्यात पाणी आणि इंधन मिसळलेले असते. गटारातही नको. बदललेल्या ऑईलच्या पिंपात टाकून ते परवानाधारक खरेदीदारालाच द्यावे.