पंधरा तासांची विद्या

गोव्यात एखाद्या मुलाने "मी ट्रक ड्रायव्हर होणार" असे घरी सांगितले तर काय होईल? आई डोळ्यांना पदर लावील आणि बाप कुठे शिपायाची तरी जागा आहे का, ते बघायला ओळखीच्या माणसाकडे धावेल. हाच मुलगा कदंबाच्या बसवर ड्रायव्हर लागला, तर त्याच घरात पेढे! चाक तेच, घाट तोच, जोखीम तीच. फरक फक्त सरकारी शिक्क्याचा. मी स्वतः बी.ए. करून सरकारी टेबलाला लागलेला कारकून, त्यामुळे या शिक्क्याची किंमत मला चांगली ठाऊक आहे. म्हणूनच ठासून सांगतो: ट्रक चालवणे ही विद्या आहे. आपण तिला विद्या मानत नाही, म्हणूनच ती धड शिकवली जात नाही.

नियम काय म्हणतात ते बघू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात हवा. त्यानंतर ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला, म्हणजे 'फॉर्म ५'. १९८९ च्या केंद्रीय नियमांत या शिक्षणाची किमान मुदत ३० दिवस, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान तास किती? १५! मित्रहो, पंधरा तास पेटी शिकलेल्या मुलाला आपण गावच्या भजनात साथीला बसवत नाही. पण दोन आसांचा, मालासकट १८ टनांच्या घरात जाणारा ट्रक त्याच्या हाती देताना आपल्याला काही वाटत नाही.

बरे, ते पंधरा तास तरी होतात का? माझ्या शेजारच्या मुलाने असा दाखला घेतला. रिकामा ट्रक, सपाट मैदान, चार-पाच फेऱ्या. कागदावर तास मात्र पूर्ण! फाईल पूर्ण होणे आणि काम होणे यांतला फरक कारकुनाला कुणी शिकवायला नको. पण माझ्या टेबलावर चूक झाली तर एखाद्याचा दाखला आठवडाभर अडतो. त्याच्या हातून चूक झाली तर माणसे मरतात.

अनमोडचा घाट भरल्या गाडीने उतरायचा तर उतार लागण्याआधीच खालचा गियर टाकावा लागतो. वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक जपून वापरायचे. सारखा ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासे होतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली तर इंजिनाची पकडच जाते. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, तिथेच स्कूटरवाला सापडतो. माल उंच रचला, ढिला बांधला तर गाडी कलंडते. यातले काय त्या सपाट मैदानावर कळणार? जानेवारी २०१८ मध्ये चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला आणि लोकांना रात्री घरे सोडून पळावे लागले. आपल्या दारावरून काय काय जाते, ते तेव्हा कळले.

कुणी म्हणेल, आमचे जुने ड्रायव्हर कुठे शाळेत गेले होते? क्लीनर म्हणून चढले, उस्तादाकडे बघून शिकले. खरे आहे, त्यांतले कित्येक उत्तम ड्रायव्हर झाले. पण उस्ताद चांगला भेटला तर विद्या, वाईट भेटला तर न्यूट्रलचा उतार. शिवाय आता पुष्कळ मालक क्लीनरचा पगार वाचवतात. म्हणजे तीही शाळा मोडली, आणि नवी उभी राहिली नाही.

खाणपट्ट्याकडेच बघा ना. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सावर्डे, उसगावात ट्रक दारात गंजले. खाण ते जेटी एवढाच रस्ता माहीत असलेल्या ड्रायव्हरला तेव्हा लांब पल्ल्याची गाडी, कंटेनर, टँकर शिकवला असता तर त्याला घरी बसावे लागले नसते. आपण मात्र आजही 'बाहेरचे ड्रायव्हर आले' म्हणून ओरड करतो. आपल्या मुलाला जे काम कमीपणाचे वाटावे असे आपणच वाढवले, त्या कामावर दुसरा आला तर रुसायचे कशाला?

२०१९ मध्ये केंद्राने आठवी पासची अट काढली. योग्यच केले, कारण कमी शिकलेल्या माणसाचा हात काही कमी शिकत नाही. पण तेव्हा सांगितले होते की भर प्रशिक्षणावर देऊ. २०२१ च्या नियमांत मान्यताप्राप्त केंद्रांसाठी अवजड वाहनाचा सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा अभ्यासक्रम आला. निदान दिशा बरी आहे. आता मागणी आपण करायची: भरलेल्या गाडीवर, खऱ्या घाटात, पावसात आणि रात्री शिकवा. ब्रेक, माल, टायर यांची पुस्तिका मराठीत आणि कोकणीत द्या. शिकतानाच्या दिवसांचा भत्ता द्या, कारण गरिबाचा मुलगा दीड महिना बिनपगारी शिकू शकत नाही.

मराठीच्या अस्मितेवर आपण तासन् तास भाषणे ठोकतो. सकाळी बेळगावहून भाजी आली नाही तर मात्र त्याच मराठीत ड्रायव्हरला शिव्या घालतो. आधी त्याला 'अहो' म्हणायला शिकूया. मग त्याला नीट शिकवा म्हणून सरकारला सांगायला आपल्याला तोंड राहील.